बाकी किती उरते?

नारायणगाव सोडून खोडदच्या रस्त्याला लागलं की द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांपलीकडून एकेक करत प्रचंड तबकड्या दिसायला लागतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. एकूण ३०. त्यातल्या १४ खोडदजवळच्या किलोमीटरभराच्या चौकात, आणि उरलेल्या १६ तीन वाटांनी दूरवर पांगलेल्या. दोन टोकांमधलं अंतर साधारण २५ किलोमीटर. तबकडीखाली उभं राहून वर पाहिलं तर तिच्यातून आरपार आभाळ दिसतं, कारण तो पत्रा नाही, बारीक तारेची जाळी आहे. जाळीचं भोक एक-दोन सेंटिमीटरचं आणि येणारी रेडिओ लहर वीतभर ते मीटरभर, कधी त्याहूनही लांब. अशा लहरीच्या लेखी ती जाळी म्हणजे अखंड आरसा. वारा मात्र तिच्यातून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च आवाक्यात राहिला. ही कल्पना गोविंद स्वरूप यांची, आणि दुर्बीण पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची. जग तिला जीएमआरटी म्हणून ओळखतं.

२९ जून २०२३ रोजी जगातल्या अनेक गटांनी एकाच वेळी आपापले निष्कर्ष जाहीर केले. अमेरिकेचा नॅनोग्राव्ह, ऑस्ट्रेलियाचा पार्क्स, चीनचा गट, आणि युरोपच्या गटाबरोबर भारताचा इंडियन पल्सार टायमिंग अ‍ॅरे, म्हणजे इन्प्टा. इन्प्टाची निरीक्षणं याच जाळ्यांमधून झालेली. सगळ्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: अतिशय संथ गुरुत्वीय लहरींची एक अखंड घरघर सगळ्या विश्वात भरून राहिल्याचा पुरावा मिळतो आहे. इतक्या संथ, की त्यातली एक लाट पुरती जायला काही वर्षं लागतात. बातम्या आल्या आणि विरल्या. पण हे मोजलं कसं, ते मला त्या बातमीपेक्षाही मोठं वाटतं. ते सगळं काम वजाबाकीचं आहे, म्हणून पायरीपायरीनंच बघू.

गुरुत्वीय लहर म्हणजे अवकाशाचं ताणणं आणि आकसणं. २०१५च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या लायगोनं ती पहिल्यांदा थेट पकडली. लायगोच्या दोन भुजा चार-चार किलोमीटरच्या. तशीच एक वेधशाळा आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला व्हायची आहे. सूर्याच्या काही पट ते काही डझन पट वजनाची कृष्णविवरं एकमेकांवर आदळताना ज्या लहरी उठतात, त्या लायगोला कळतात. त्या क्षणार्धात येऊन जातात. पण दीर्घिकांच्या पोटात जी कृष्णविवरं बसलेली असतात त्यांचं वजन सूर्याच्या लाखो ते अब्जावधी पट. अशी दोन एकमेकांभोवती फिरू लागली की एका फेरीलाच वर्षानुवर्षं लागतात आणि निघणाऱ्या लहरीची लांबी कित्येक प्रकाशवर्षं भरते. तिच्यासाठी पृथ्वीवर भुजा बांधणं शक्यच नाही. रशियातले मिखाईल साझिन (१९७८) आणि अमेरिकेतले स्टीव्हन डेटवायलर (१९७९) यांनी सुचवलं की ही भुजा बांधायची गरज नाही, ती आकाशात तयारच आहे. तिचं एक टोक पृथ्वी आणि दुसरं टोक पल्सार.

पल्सार हा मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा गाभा. सूर्यापेक्षा जास्त वजन, आणि आकार असा की पुणे शहरात मावावा. तो फिरतो आणि त्याचा रेडिओ झोत दीपगृहासारखा आपल्यावरून फिरत जातो. दर फेरीला एक ठोका. जोसेलिन बेल यांना १९६७ साली सापडलेल्या पहिल्या पल्सारचा ठोका दर सव्वा-दीड सेकंदाला पडत होता. १९८२मध्ये डॉन बॅकर आणि सहकाऱ्यांनी एक असा शोधला जो सेकंदाला ६४२ फेऱ्या मारतो. त्या सहकाऱ्यांत कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते, तेव्हा बर्कलीत पीएच.डी. करणारे. आज ज्यांना मिलिसेकंद पल्सार म्हणतात त्यांतला तो पहिला. घरातला मिक्सर पूर्ण वेगात सेकंदाला तीनशेच्या घरात फेऱ्या मारतो, तेवढ्यावरून पातं डोळ्यांसमोर आणा आणि त्या जागी अख्खा तारा ठेवा. इतक्या वजनाची वस्तू इतक्या वेगात फिरत असली की तिला हलवणं, अडवणं फार कठीण. म्हणून तिची चाल वर्षानुवर्षं बिघडत नाही आणि ती उत्तम अणुघड्याळांच्या पंगतीला बसते.

आता मोजणी. एकेक ठोका इतका क्षीण असतो की तो नुसता ऐकू येत नाही. म्हणून ठोके एकावर एक रचतात. सेकंदाला ३४० फेऱ्यांच्या पल्सारकडे अर्धा तास दुर्बीण धरली की सहा लाखांहून अधिक ठोके जमतात. सगळे रचले की गोंगाट एकमेकांत विरतो आणि ठोक्याचा ठसा उठून येतो. कुठे शेंडा, कुठे खांदा, कुठे उतार. प्रत्येक पल्सारचा ठसा वेगळा, बोटाच्या ठशासारखा. तो जुन्या नमुन्यावर सरकवून बसवला की ठोका नेमका कधी पोचला ते कळतं. मग गणितानं तो कधी पोचायला हवा होता ते काढायचं आणि एकातून दुसरं वजा करायचं. जी बाकी उरते तिच्यातच लाट दडलेली असणार. ती बाकी शंभर नॅनोसेकंदांच्या आसपासची अपेक्षित आहे. तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम तीस मीटर जातो. हजारो प्रकाशवर्षांच्या वाटेवर तीस मीटरचा फरक शोधायचा.

तो दिसण्याआधी बरंच काही वजा करावं लागतं. पहिली गोष्ट पृथ्वीची. आपण सूर्याभोवती फिरतो म्हणून एकाच पल्सारचा ठोका वर्षाच्या एका टोकाला आठ मिनिटं लवकर आणि दुसऱ्या टोकाला आठ मिनिटं उशिरा पोचू शकतो. म्हणून सगळ्या वेळा सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याला नेऊन मोजतात. हा मध्य म्हणजे सूर्याचं केंद्र नव्हे. गुरू आणि शनी सूर्यालाही थोडं ओढत असतात, त्यामुळे हा बिंदू सूर्याच्या पृष्ठभागाच्या आत-बाहेर करत राहतो. तो नेमका कुठे आहे ते मीटरांच्या हिशेबात माहीत हवं. नॅनोग्राव्हनं ११ वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा ग्रहांच्या स्थानांचं एक कोष्टक वापरलं तर एक उत्तर आणि दुसरं वापरलं तर दुसरं, असं होऊ लागलं. गुरूच्या जागेतली बारीकशी चूक गुरुत्वीय लहरीचं सोंग घेऊन बसली होती. ती ओळखून तिचा हिशेब लावल्याशिवाय पुढे जाता येईना.

मग पल्सारचं स्वतःचं चालणं: हळूहळू मंदावणं, आकाशात सरकणं, जोडीदाराभोवती फिरणं. हे तुलनेनं सरळ आहे. खरी गोची वाटेत आहे.

तारे आणि तारे यांच्यामधली जागा रिकामी नाही. तिथे सुटे इलेक्ट्रॉन विखुरलेले असतात आणि ते रेडिओ लहरीला रेंगाळायला लावतात. कमी कंपनांच्या लहरीला जास्त, जास्त कंपनांच्या लहरीला कमी. जे१७१३+०७४७ नावाचा एक पल्सार घेऊ. सुमारे चार हजार प्रकाशवर्षं दूर, दर ४.५७ मिलिसेकंदांना एक ठोका, शिवाय ६८ दिवसांत एक फेरी घेणारा श्वेतबटू जोडीदार. त्याचा ठोका १४०० मेगाहर्ट्झवर ३४ मिलिसेकंद उशिरा येतो, तर ४०० मेगाहर्ट्झवर ४१० मिलिसेकंदांहून जास्त. एवढ्या उशिरात तो तारा स्वतःभोवती नव्वद फेऱ्या मारून झालेला असतो. आणि आपण शोधतोय शंभर नॅनोसेकंद, म्हणजे या उशिराचा चाळीस लाखावा भाग. हा उशीर कायम राहिला असता तर एकदा मोजून वजा केला असता. पण पृथ्वी चालते, पल्सार चालतो, नजरेची रेघ सरकत जाते आणि तिच्या वाटेतले इलेक्ट्रॉन बदलत राहतात. नजर सूर्याजवळून जात असेल तर सौरवाऱ्याची आणखी भर. हे सगळं वर्षानुवर्षांच्या संथ चढउतारासारखं दिसतं, आणि गुरुत्वीय लहरही अगदी तशीच दिसते.

खोडदची दुर्बीण इथे उपयोगी पडते. तिच्या तबकड्यांचे गट पाडून काही ३०० ते ५०० मेगाहर्ट्झवर आणि काही १२६० ते १४६० मेगाहर्ट्झवर लावता येतात, आणि एकच पल्सार एकाच वेळी दोन्ही पट्ट्यांत ऐकता येतो. ४०० मेगाहर्ट्झवर इलेक्ट्रॉनांचा परिणाम १४००पेक्षा बारा पटींहून मोठा होऊन दिसतो, म्हणून तो फार बारकाईनं मोजता येतो. युरोपच्या मोठ्या दुर्बिणींकडे पंचवीस वर्षांच्या नोंदी होत्या. भारताकडे तेवढी वर्षं नव्हती, पण वाटेतला हा घोळ निस्तरायचं साधन होतं. लहर शोधणाऱ्या कामात वाटेतले इलेक्ट्रॉन मोजण्याचा वाटा उचलणं मला अजिबात कमी प्रतीचं वाटत नाही. ते मोजले गेले नाहीत तर उरलेल्या बाकीवर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा?

याच जे१७१३नं २०२१च्या एप्रिलमध्ये सगळ्यांना चकवलं. १६-१७ एप्रिलच्या सुमारास त्याच्या ठोक्याचा ठसाच बदलला. इतकी वर्षं ज्या नमुन्यावर वेळ बसवली जात होती तो नमुना एकाएकी जुळेना. हा जगातल्या सगळ्यात भरवशाच्या पल्सारांपैकी एक. खोडदच्या नोंदींतही हा बदल दोन्ही पट्ट्यांत स्पष्ट दिसला आणि इन्प्टाच्या गटानं त्यावर लगेच शोधनिबंध लिहिला. पुढे ठसा हळूहळू पूर्वपदाकडे वळत गेला. ताऱ्याच्या चुंबकी आवरणातच काहीतरी हललं असावं असं मानतात.

सगळं वजा केल्यावरही प्रत्येक पल्सारची बाकी थोडी डोलत राहते. काही पल्सार स्वतःच किंचित अडखळतात. नॅनोग्राव्हला २०२०मध्ये अनेक पल्सारांत एकाच जातीचं संथ डोलणं सापडलं होतं, पण त्यावरून लहरीचा दावा करता आला नाही. अनेकांना एकाच वेळी खोकला येतो म्हणून सगळ्यांना एकच आजार झाला असं होत नाही. म्हणून एकेक पल्सार सोडून जोड्या घ्यायच्या. २५ पल्सारांच्या ३०० जोड्या होतात, ६७च्या २२११. प्रत्येक जोडीत विचारायचं: एकाची बाकी वर जाते तेव्हा दुसऱ्याची काय करते? आणि दोघांमध्ये आकाशात किती कोन आहे?

सुती धोतर कर्णात ओढून बघा. ओढलेल्या दिशेत ते लांब होतं आणि आडव्या दिशेत आपोआप आखडतं. गुरुत्वीय लहर अवकाशाचं असंच करते. पृथ्वी त्या कापडावर बसली आहे असं समजा. एकाच दिशेला असलेल्या दोन पल्सारांच्या वेळा बरोबरीनं पुढे-मागे होतील. काटकोनाच्या आसपास असलेल्या दोघांपैकी एक लवकर आला की दुसरा उशिरा येण्याकडे झुकेल. अगदी समोरासमोरचे पुन्हा सारखे वागतील, पण पहिल्याइतके नाही. कारण लहर ज्या बाजूनं येते तिकडच्या पल्सारचा ठोका लहरीबरोबर चालत येतो आणि पलीकडच्याचा तिच्या तोंडावर चालून येतो, त्यामुळे दोघांवर परिणाम एकसारखा होत नाही. सर्व दिशांनी येणाऱ्या लहरींची बेरीज करून रोनाल्ड हेलिंग्ज आणि जॉर्ज डाऊन्स यांनी १९८३मध्ये याचा नेमका आलेख मांडला. कोन शून्य असेल तर साम्य ०.५, मग उतरत उतरत ८२ अंशांच्या जवळ उणे ०.१५, आणि १८० अंशांना परत ०.२५.

या वक्ररेषेची ताकद अशी की दुसरं कोणतंही दुखणं तिची नक्कल करू शकत नाही. पृथ्वीवरची घड्याळं चुकली तर सगळ्या पल्सारांची बाकी एकत्रच वर-खाली होईल, कोन काहीही असो. सूर्यमालेचा मध्य चुकला तर एका बाजूचे लवकर आणि विरुद्ध बाजूचे उशिरा येतील. खाली जाऊन पुन्हा वर येणारी ही रेषा फक्त गुरुत्वीय लहरीच काढतात. २०२३मध्ये ती रेषा बिंदूंमधून दिसायला लागली. निव्वळ योगायोगानं तसं दिसण्याची शक्यता बहुतेक गटांच्या नोंदींत हजारात एकच्या आसपास किंवा त्याहून कमी. भौतिकशास्त्रात ‘शोध लागला’ म्हणायला पाच सिग्मा लागतो, म्हणजे साधारण ३५ लाखांत एक. म्हणून कुठल्याच गटानं ‘शोध’ हा शब्द वापरला नाही, ‘पुरावा’ म्हटलं. हा संयम पाळणं सोपं नव्हतं. आयुष्याची वीस-पंचवीस वर्षं ज्यांनी यात घातली, त्यांनी तो पाळला. डिसेंबर २०२४मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅटच्या गटानं ८३ पल्सारांच्या साडेचार वर्षांच्या नोंदींतून तशाच खुणा दाखवल्या.

घरघर खरी आहे असं धरलं, तर ती करतं कोण? पहिलं उत्तर अर्थातच जोडकृष्णविवरांचं. दीर्घिका एकमेकींत मिसळतात, त्यांच्या पोटातली कृष्णविवरं एकमेकांजवळ येतात आणि फिरू लागतात. यातही एक जुनी गाठ आहे. आजूबाजूच्या ताऱ्यांना भिरकावत ती दोघं काही प्रकाशवर्षांच्या अंतरापर्यंत येतात आणि तिथे अडकावीत असं गणित सांगतं, कारण भिरकवायला तारेच उरत नाहीत. लहरींनी ऊर्जा काढून न्यायला लागावी एवढी जवळीक अजून झालेली नसते. बेगेलमन, ब्लँडफर्ड आणि रीस यांनी १९८०मध्ये हा पेच मांडला. घरघर ऐकू येते त्या अर्थी बऱ्याच जोड्या हा टप्पा पार करत असल्या पाहिजेत. शिवाय घरघर अपेक्षेपेक्षा थोडी मोठी निघाली आणि संथ लहरींकडे जाताना ती जितकी वाढायला हवी तितकी वाढताना दिसत नाही. आसपासचा वायू आणि तारे जोड्यांना तिथे घाईनं पुढे ढकलत असतील तर असं होईल. पण इथेच मूलकणांचा अभ्यास करणारे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ कान टवकारतात.

विश्वात सगळ्यात जुना प्रकाश महास्फोटानंतरच्या ३ लाख ८० हजार वर्षांचा. त्याआधीचं विश्व अपारदर्शक होतं. गुरुत्वीय लहरींना तो पडदा अडवत नाही. विश्वाचं वय सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या आसपास असताना, तापमान पावणेदोन लाख कोटी अंशांजवळ असताना, मोकळे क्वार्क बांधले जाऊन प्रोटॉन-न्यूट्रॉन झाले. त्या वेळी विश्वात खळबळ उडून लहरी उठल्या असत्या, तर विश्व प्रसरण पावता पावता त्या ताणल्या जाऊन आज नेमक्या याच संथ, नॅनोहर्ट्झच्या पट्ट्यात आल्या असत्या. पल्सारांचा पट्टा आणि क्वार्कांचं जग असं जुळतं, ही मला या सगळ्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

मात्र खळबळ उडायला अवस्थाबदल पाण्याच्या उकळीसारखा हवा. आधणात बुडबुडे उठतात, वाढतात, एकमेकांवर आपटतात. त्या आपटण्यातून लहरी निघतात. फ्रीजमधून काढून ठेवलेलं लोणी मऊ होत जातं तसा बदल असेल तर बुडबुडेच नाहीत. क्वार्कांचा बदल लोण्यासारखा झाला, हे २००६मध्ये महासंगणकांवरच्या आकडेमोडीतून पुढे आलं. म्हणून घरघर उकळीतून आली असेल तर ती उकळी आपल्याला माहीत नसलेल्या कणांची असावी लागते, आपल्या द्रव्याशी फारसा संबंध न ठेवणाऱ्या एखाद्या कृष्ण जगातली. दुसरी शक्यता वैश्विक तंतूंची. डोक्यावर भोवरा असतो, केस कसेही विंचरा, तो जात नाही. विश्व थंड होताना निरनिराळ्या भागांनी निरनिराळी दिशा धरली तर मध्ये असे न मोडणारे भोवरे उरतील, बिंदूसारखे नव्हेत तर लांबच लांब धाग्यांसारखे. हे धागे तुटून वेटोळी होतात, थरथरतात आणि लहरी सोडत विरतात. नॅनोग्राव्हनं २०२३मध्येच अशा बऱ्याच कल्पना आपल्या नोंदींवर घासून पाहिल्या. बऱ्याच बसतात, काही कृष्णविवरांपेक्षाही बऱ्या. तंतूंचे काही साधे प्रकार मात्र नीट बसत नाहीत. नोंदी अजून इतक्या अस्पष्ट आहेत की बसणं स्वस्त आहे, आणि न बसण्यातूनच जास्त कळतं.

पल्सारांच्या नोंदींतून कृष्णद्रव्याबद्दलही थोडं कळलं. ते इलेक्ट्रॉनापेक्षा कल्पनातीत हलक्या कणांचं असेल तर त्यांचा मिळून एक डोलारा सगळ्या आकाशगंगेत काही वर्षांच्या लयीत हेलकावे खाईल आणि पल्सारांच्या वेळा त्यासोबत हलतील, पण हेलिंग्ज-डाऊन्सच्या रेषेप्रमाणे नव्हे. युरोपच्या गटानं शोधलं, असं हलणं सापडलं नाही. वस्तुमानाच्या एका पट्ट्यात तरी सगळं कृष्णद्रव्य अशा कणांचं नाही, हे त्यामुळे ठरलं.

कृष्णविवरं की आरंभीचं विश्व, हे ओळखायची एक वाट सरळ आहे. कृष्णविवरांच्या जोड्या मोजक्या दीर्घिकांत असणार, काही जवळ, काही फार वजनदार. त्यामुळे त्यांची घरघर आकाशभर सारखी नसेल. एखाद्या दिशेनं जास्त येईल आणि एखादी जोडी गर्दीतून वेगळीही ऐकू यावी. आरंभीच्या विश्वातून आलेली घरघर मात्र सगळीकडून जवळजवळ सारखी असेल. हा फरक दिसायला आकाशाच्या सगळ्या बाजूंचे जास्त पल्सार हवेत, म्हणून सगळ्या गटांच्या नोंदी एकत्र करण्याचं काम चालू आहे. खोडदच्या २०१८पासूनच्या दोन पट्ट्यांतल्या नोंदी त्यात आहेत, आणि ठसा बदललेला जे१७१३ही त्यात आहे. एप्रिल २०२१नंतरच्या त्याच्या वेळा जुन्या वेळांना कशा जोडायच्या, हा त्या कामातला एक स्वतंत्र प्रश्न आहे.